बाईट भरपूर, लिलाव एकही नाही

7 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात 31 मार्च 2024 पर्यंत बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत दर आपटले, ठिकठिकाणी लिलाव बंद पडले आणि चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. वाहिन्यांवर दिवसभर एकच चित्र फिरत होतं: रस्त्यावर ओतलेला कांदा, घोषणा आणि त्यांच्या पुढ्यात माइक धरून उभा असलेला प्रतिनिधी.

आमच्याकडे, म्हणजे नाशिकमधल्या एका छोट्या डिजिटल वृत्तविभागात, हा विषय जिच्याकडे गेला ती वार्ताहर छापील दैनिकातून नुकतीच व्हिडिओकडे वळली होती. निफाड तालुक्याची बातमीदारी तिने वर्षानुवर्षं केलेली. कोणत्या शिवारात लाल कांदा आधी निघतो, कोणता व्यापारी स्वतः निर्यात करतो आणि कोण दुसऱ्यासाठी माल उचलतो, हे तिला तोंडपाठ. व्हिडिओचा अनुभव मात्र मोबाइलवर घेतलेल्या बाईटपुरताच, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या छोट्या प्रतिक्रियांपुरताच. सात-आठ मिनिटांचा, एखादा प्रश्न मुळापासून समजावणारा चालू घडामोडींचा व्हिडिओ तिने कधी केला नव्हता. चांगल्या बातमीदाराच्या हातात कॅमेरा आल्यावर तो नेमका कुठे अडतो हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसलं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पहिली फेरी

डेस्कवरून तिला मिळालेली सूचना एका ओळीची होती: निर्यातबंदीचा शेतकऱ्यांवर परिणाम. खरं तर हा प्रश्न नव्हेच, मथळा आहे. वर्तमानपत्रात अशा ओळीवर काम निभतं, कारण अनुभवी वार्ताहर लिहिता लिहिता प्रश्न शोधून काढतो. व्हिडिओत तो घराबाहेर पडण्याआधीच सापडलेला असावा लागतो. परत आल्यावर सापडला, तर त्याची दृश्यं तुमच्याकडे नसतात.

लिलाव पुन्हा सुरू झाल्यावर ती तालुक्यातल्या एका उपबाजारात गेली आणि संध्याकाळी दोन मेमरी कार्डं भरून परतली. शेतकरी, संघटनेचे कार्यकर्ते, बाजार समितीचा एक संचालक, हमाल, आवाराबाहेरचा चहावाला असे सगळे तिच्याशी मोकळेपणाने बोलले होते, कारण ती ओळखीची होती. बाकी दृश्यं म्हणजे ट्रॉल्यांच्या रांगेवरून डावीकडून उजवीकडे फिरवलेला कॅमेरा, उजवीकडून डावीकडे फिरवलेला कॅमेरा आणि कांद्यावर जाणारे झूम. दिवसभर तिच्यापासून पाच-सात फुटांवर लिलाव चालू होते. त्यातला एकही सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित झालेला नव्हता. बोली सुरू झाली की ती गर्दीतून एखाद्याला बाजूला घ्यायची आणि विचारायची, "काय भाव निघाला, दादा?"

हा छापील बातमीदारीचा हात आहे. घटना घडून गेल्यावर जाणकाराला विचारायचं, त्याचं म्हणणं वहीत उतरवायचं. वहीला ते पुरतं. कॅमेऱ्याला मात्र घडून गेलेल्या गोष्टीचं वर्णन आणि घडणारी गोष्ट यांतलं एकच निवडावं लागतं, आणि वर्णन निवडलं की पडद्यावर फक्त बोलणारी डोकी उरतात.

रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा मसुदा, चौदा मिनिटांचा झाला. पहिल्या तीन मिनिटांतच कळून चुकलं, की सगळे एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजात बोलत आहेत: शेतकऱ्याने जगायचं कसं? हे वाक्य खरं आहे, पण सहाव्यांदा ऐकताना प्रेक्षकाचा अंगठा स्क्रीनवर वर सरकलेला असतो.

दोन गोष्टी त्या रफ कटमध्ये जास्त गंभीर होत्या.

बाईट झाकायला दृश्यं कमी पडली, तेव्हा संकलकाने सर्व्हरवरून ऑगस्टचे शॉट उचलले. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं होतं आणि त्या निषेधात नाशिकच्या व्यापाऱ्यांनी काही दिवस लिलाव बंद ठेवले होते. तेव्हाचे ओस पडलेल्या आवाराचे शॉट आमच्याकडे होते आणि दिसायला फार सुरेख होते. "बाजार थंडावले" या व्हीओखाली, म्हणजे पडद्यामागच्या निवेदनाखाली, ते चपखल बसले. पण ऑगस्टमध्ये बाजार व्यापाऱ्यांनी बंद ठेवला होता आणि डिसेंबरमध्ये भडका उडाला तो शेतकऱ्यांचा. माणसं वेगळी, कारण वेगळं. शिवाय त्या रिकाम्या आवारात उभ्या दोन-तीन ट्रॉल्यांत उन्हाळ कांदा होता, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, महिनोन्महिने राहून फिकट पडलेला. डिसेंबरात आवारात येतो तो बहुतांश ताजा, गडद लाल. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला फरक कळला नसता. निफाडच्या कोणत्याही शेतकऱ्याने तो दोन सेकंदांत पकडला असता, आणि मग पुढच्या सात मिनिटांतलं खरंही त्याला खोटं वाटलं असतं. कोपऱ्यात "संग्रहित" लिहिलं की भागतं, असा एक मतप्रवाह आमच्या डेस्कवर आहे. माझं मत उलट आहे. निवेदन ऑगस्टबद्दल बोलत असेल तर ऑगस्टचा शॉट तारखेसह जरूर वापरावा. निवेदन आजचं बोलत असेल तर ती पट्टी म्हणजे नुसता कायदेशीर बचाव.

दुसरी गोष्ट कात्रीची. एका वयस्कर शेतकऱ्याचा बाईट मूळ फुटेजमध्ये असा होता: "शहरातल्या माणसाला कांदा महाग पडू नये, हे आम्हालाबी कळतं. पण बंदी आणायची होती तर लागवडीच्या आधी सांगायचं. आता माल काढून बसलोय. हा लाल कांदा काय चाळीत टिकतोय का? ठेवू कुठं?" रफ कटमध्ये उरलं होतं फक्त "आता माल काढून बसलोय, ठेवू कुठं?" वेळ वाचली आणि बाईट जोरकस झाला. पण त्या आबांनी मांडलेला मुद्दा धोरणाच्या वेळेबद्दलचा होता, आणि पडद्यावर ते नुसते वैतागलेले दिसत होते. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. संकलक तरुण मुलगा, शहरात वाढलेला, त्याने सवयीने सगळ्यात तापलेला तुकडा ठेवला. वार्ताहराने स्वतः कार्डावरचं फुटेज लिहून काढलं असतं तर ही काटछाट होण्याआधीच थांबली असती. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला: बाईट शब्दशः उतरवून, वेळेच्या आकड्यांसह, वार्ताहरानेच संकलकाला द्यायचे. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय मला माहीत नाही.

प्रश्न कुठून मिळाला

रफ कट पाहून झाल्यावर सगळे गप्प बसले होते. तेव्हा तीच सहज म्हणाली, "मला एक कळत नाही. निर्यातीला जाणारा माल निवडक. मग ज्या मालाकडे निर्यातदार ढुंकूनही बघत नाही, त्याचा भाव त्याच सकाळी कसा पडला?"

व्हिडिओ इथे सापडला. या प्रश्नाचं उत्तर कोणाच्या बाईटमध्ये नाही, ते लिलावाच्या रिंगणात डोळ्यांना दिसतं. आवारात ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत उभे असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनापासून दुसऱ्याकडे सरकतो. वरून थोडा माल खाली पाडून दाखवला जातो, कोणी कांदा हातात दाबून बघतो, कोणी फोडून. बोली पुकारली जाते, चढते, थांबते, आणि घोळका पुढे जातो. भाव चढवत नेतं ते बोली लावणाऱ्यांचं आपसातलं चढाओढीचं गणित. निर्यातदार रिंगणातून बाजूला झाला, की त्याची बोली तर जातेच, शिवाय त्याच्याशी चढाओढ करून वर गेलेल्या बाकीच्यांच्या बोलीही खाली येतात. निर्यातीचा चांगला माल देशांतर्गत बाजारात वळला, की मध्यम मालाची पायरी आणखी एक खाली सरकते आणि गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, कोणी विचारत नाही. यात लाल कांद्याची अडचण अशी, की त्यात पाणी जास्त. उन्हाळ कांदा चार-सहा महिने चाळीत थांबू शकतो, लाल कांद्याला काढल्यावर बाजार गाठावाच लागतो. म्हणून भाव पाहून ट्रॉली परत नेण्याची ताकद डिसेंबरच्या शेतकऱ्याकडे नसते. तोच निर्णय एप्रिल-मेमध्ये झाला, तर किमान काही जण चाळीचं दार लावून थांबू शकतात.

हे सगळं तिला माहीत होतं. वर्षानुवर्षं लिहिलेलंही होतं. फक्त हे दाखवता येतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीचा आराखडा एका ट्रॉलीभोवती आखला. फाटकावरची आवक नोंद, रांग, लिलाव, सौद्याची पावती, वजनकाटा, व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवायच्या जागेवर) तो खाली होणं, हिशोबपट्टी आणि पैसे. एकच शेतकरी, एकच माल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आदल्या रात्री फोन करून परवानगी घेतली, कशासाठी आणि किती वेळ सोबत असणार हे सांगितलं. अशा वेळी "बघू, जमलं तर" यावर विसंबून जाऊ नये. पहाटे ट्रॉली निघते, आणि नकार आला तर दिवस गेला.

शॉट कसे घ्यायचे हे शिकवायला मी जुनीच पाच शॉटची पद्धत वापरतो. मायकेल रोझेनब्लम या अमेरिकन प्रशिक्षकाच्या नावाने ती ओळखली जाते. 1992 मध्ये सुरू झालेल्या न्यू यॉर्कच्या एनवाय-वन वाहिनीत एकट्याने चित्रीकरण करणारे वार्ताहर त्याने उभे केले होते. काम करणारे हात जवळून, मग चेहरा जवळून, मग दोन्ही एकत्र दिसतील असा लांबचा शॉट, मग खांद्यावरून, आणि शेवटी एक काहीतरी वेगळा कोन. प्रत्येक शॉट दहा सेकंद, कॅमेरा न हलवता. दहा सेकंद म्हणजे मनात दहापर्यंत मोजायचं, घाईत चारच होतात. पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) आणि झूम तिच्यासाठी त्या दिवसापुरते बंद केले. हा नियम अतिरेकी आहे हे मान्य, पण नवशिक्याच्या हातून कॅमेरा स्थिर करायला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

तांत्रिक सूचना दोनच दिल्या. पहिली, फ्रेम रेट (सेकंदाला टिपलेल्या फ्रेम) 25 आणि शटर 1/50. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोबाइलच्या नेहमीच्या 30 फ्रेमवर समितीच्या कार्यालयातल्या ट्यूबलाइट कधीकधी लुकलुकताना दिसतात, पहिल्या फेरीत दिसल्याच होत्या. दुसरी, बोलणं नसलेल्या जागेचा नुसता आवाज प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचा. संकलनात दोन बाईटमधला सांधा लपतो तो याच आवाजाने.

दुसरी फेरी

लिलावाच्या घोळक्यात त्या दिवशी ती एकटीच बाई होती. उंचीचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. शेजारच्या ट्रॉलीवाल्याला विचारून ती त्याच्या फळक्यावर चढली आणि तिथून खाली रोखून कॅमेरा धरला. दुसरा मोबाइल ट्रॉलीच्या कडेला बांधून शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर लावलेला. लेपल माइक तासभर आधीच त्याच्या सदऱ्याला लावून ठेवला, म्हणजे तोवर तो माइक विसरलेला असेल.

लिलाव मिनिटभरसुद्धा चालला नाही. बोली सुरू झाली, दोघांनी चढवली, तिसरा बोलायला गेला आणि थांबला, आकडा पुकारला गेला, घोळका पुढे सरकला. शेतकरी काही बोलला नाही. कांद्यावरचा हात तसाच ठेवून तो सरकणाऱ्या घोळक्याकडे बघत राहिला. वर्तमानपत्राची वार्ताहर इथे नक्की विचारते, "काय वाटतं, भाऊ?" तिने विचारलं नाही. कॅमेरा चालू ठेवला. बऱ्याच वेळाने तो ड्रायव्हरला म्हणाला, "चल, काट्यावर घे." व्हिडिओतली सगळ्यात मोलाची जागा ही. चौदा मिनिटांच्या रफ कटमधल्या साऱ्या बाईटना जे जमलं नाही, ते या तीन शब्दांत होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. डिसेंबरची थंडी, शेतकऱ्याच्या गळ्यात उपरणं. ते माइकवर घासत राहिलं आणि वजनकाट्यावरचा अर्धा संवाद गेला. तिथे कॅमेऱ्याच्या माइकवरचा आवाज घेऊन खाली मराठी उपशीर्षकं दिली, त्याच्या बोलीतच, प्रमाणभाषेत न आणता. मोबाइलचं फुटेज वेगळ्या रेकॉर्डरच्या आवाजाशी जुळवताना ते हळूहळू घसरत गेलं. बरेच मोबाइल ठरावीक फ्रेम रेट पाळत नाहीत, तो मागेपुढे होत राहतो. संकलनात घेण्याआधी फुटेज ठरावीक फ्रेम रेटमध्ये बदलून घेतलं की हा त्रास जातो, पण हे तेव्हा रात्री उशिरा कळलं.

ज्या व्यापाऱ्याकडे माल गेला, तो निर्यातही करणारा. त्याने कॅमेऱ्यासमोर बोलायला साफ नकार दिला. "ताई, चहा घ्या, पण ते बंद करा." तिने खरंच बंद केला. चहा घेता घेता त्याने अडकलेल्या मालाचं सांगितलं. अधिसूचनेत आधीच जहाजात चढायला लागलेल्या मालाला सूट होती, त्याचा माल मात्र अजून रस्त्यात होता. हे तिने अधिसूचनेच्या मजकुराशी ताडून पाहिलं आणि निवेदनात घेतलं, नाव न देता, तो कॅमेऱ्यासमोर बोलला नाही हे स्पष्ट सांगून. छुपा कॅमेरा लावायला काय हरकत होती, असं कोणीतरी विचारलं. हरकत अशी, की जी गोष्ट कागदावरून सिद्ध होते तिच्यासाठी माणसाचा विश्वास मोडण्याचं कारण नाही, आणि पुढच्या हंगामात याच खळ्यावर तिला परत जायचं आहे.

हिशोबपट्टीचा जवळून घेतलेला शॉट अप्रतिम होता. आकडे, शिक्का, कार्बनची निळी अक्षरं. त्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि मोबाइल नंबरही होता. नंबर धूसर केला. गाव ठेवायचं का यावर चर्चा झाली, शेवटी त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला ठेवा.

टेबलावर

पटकथा दोन रकान्यांत लिहिली: डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. तिच्या पहिल्या मसुद्यात उजवा रकाना भरगच्च आणि डाव्या रकान्यात जागोजाग "कांद्याचे शॉट". छापील पत्रकाराची पटकथा ओळखायची ही खूण. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द धरून हिशेब केला, तर आठ मिनिटांत बाईट, लिलाव आणि शांतता वजा जाता निवेदनाला जेमतेम चारशे शब्द उरत होते. तिने नऊशे लिहिले होते. कापताना निकष एकच ठेवला: जे दिसतंय ते सांगायचं नाही. "शेतकरी हताश होऊन बघत राहिला" हे वाक्य त्याच्या चेहऱ्यावर होतं, ते गेलं. "हा माल तो परत नेऊ शकत नाही, कारण लाल कांदा टिकत नाही" हे चित्रात नव्हतं, ते राहिलं.

आकड्यांवर वाद झाला. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन दर जाहीर करते. दर चढल्याची बातमी कमाल दरावर आणि दर पडल्याची किमान दरावर द्यायची वाईट सवय आपल्या साऱ्या माध्यमांना आहे. कमाल दर कधीकधी एखाद-दुसऱ्या ट्रॉलीचा असतो. आम्ही सरासरीच वापरली, दर कोणत्या दिवशीचा आणि कोणत्या आवाराचा हे पडद्यावर लिहून. पार्श्वभूमीसाठी एकच ग्राफिक, तीन तारखांचं: 19 ऑगस्टला 40 टक्के शुल्क, 28 ऑक्टोबरला टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (याहून कमी दराने निर्यात करता येत नाही), 7 डिसेंबरला बंदी. साडेतीन महिन्यांत तीनदा नियम बदलले, हे त्या तारखा एकाखाली एक आल्यावर आपोआप कळत होतं, निवेदनाची गरज पडली नाही.

सरकारची बाजू कशी दाखवायची? मंत्र्यांच्या जुन्या भाषणाचा तुकडा लावणं सोपं होतं. त्याऐवजी नाशिक शहरात एका भाजीवाल्या मावशींकडे दोन तास गेले. सणासुदीत कांदा किलोने घेणारं गिऱ्हाईक पाव किलोवर कसं आलं, हे त्यांनी तराजूत कांदे टाकत सांगितलं. त्याला जोडून, केंद्राने राखीव साठ्यातला कांदा 25 रुपये किलोने ग्राहकांना विकला होता, ही माहिती. दर आवरण्यामागचं सरकारचं कारण यात ठामपणे आलं. आबांचा पूर्ण बाईट याच्या लगेच पुढे ठेवला. "शहरातल्या माणसाला कांदा महाग पडू नये, हे आम्हालाबी कळतं" हे वाक्य आता मावशींना दिलेल्या उत्तरासारखं ऐकू येत होतं.

पीटीसीवर, म्हणजे वार्ताहर स्वतः कॅमेऱ्याकडे बघून बोलतो त्या तुकड्यावर, शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तिने आवाराच्या फाटकावर चांगली पीटीसी केली होती, तीन टेकमध्ये. माझा आग्रह होता की काढावी, कारण ट्रॉलीची गोष्ट सुरू असताना मध्येच वार्ताहर आला की धागा तुटतो. तिचं म्हणणं, की तालुक्यातले लोक तिला बघून व्हिडिओ उघडतात. ती शेवटी राहिली, वीस सेकंदांची, आणि मला आजही ती जड वाटते. संगीत कुठेही नाही, ट्रॅक्टरचा आवाज पुरेसा होता.

व्हिडिओ सात मिनिटं पन्नास सेकंदांचा झाला आणि घटनेनंतर बराच उशिरा गेला. तोवर वाहिन्या पुढच्या विषयावर पोचल्या होत्या. उशिराची किंमत मोजावी लागली: पहिल्या दिवशीच्या रस्ता रोकोच्या आमच्या दीड मिनिटाच्या क्लिपला जितके प्रेक्षक मिळाले, तितके याला मिळाले नाहीत. मात्र बंदीची बातमी पुन्हा वर आली की हाच व्हिडिओ परत शेअर होऊ लागला. 22 मार्च 2024 ला बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढली तेव्हा झाला, आणि 4 मे ला ती उठली तेव्हाही.

मे मध्ये तिने पाठपुरावा एकटीने केला. बंदी उठली तरी टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लागू होतं, आणि नाशिक-दिंडोरीचं लोकसभा मतदान 20 मे ला. या वेळी आवारात उन्हाळ कांदा होता, म्हणून डिसेंबरचा एकही शॉट तिने घेतला नाही. रिंगण, काटा आणि खळं पुन्हा नव्याने चित्रित केलं. निघण्याआधी डेस्कला पाठवलेल्या तिच्या मेसेजमध्ये एकच प्रश्न होता: बंदी उठल्यावर निर्यातदार रिंगणात परत आले का, आणि आले तर किती बोलून थांबतात? डेस्कने होकार दिला, फक्त गाडीचा खर्च एकाच फेरीचा मंजूर केला.